जबड्याचा डावा कोपरा

निलंगा
११ जानेवारी २०१६

चि. शिवकन्या,

तुझ्या मामाचा जय भीम. मोबाइलच्या काळात मामा कागद कशाला खराब करून राहिला, असं म्हणशील. व्हॉट्सअपवर लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. त्यात 'मामा' वाचायचं की 'ममा' हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. असलं लिखाण मला सोसत नाही. फोनवर न बोलण्याचं कारण वेगळं आहे, ते राहू दे.

मुद्द्यावर येतो. एसटीच्या दांड्यावर आपटून मोडलेला आणि आपला आपण वाकडा जुळलेला माझा जबडा सप्टेंबरात तुझ्या सरांनी कापून सरळ बसवला. दाताला दात लागतो. भाकरी तोडता येते, शेंगदाणा चावता येतो. त्याबद्दल सरांची तारीफ मी निलंग्यात सगळीकडं केली. पण आता सूज उतरल्यावर आरशात एक गोष्ट दिसते. कानाखाली जबडा जिथं वळतो, तो कोपरा उजवीकडं चांगला भरीव आहे. डावीकडं कोपराच नाही, नुसता उतार आहे. दाढी करताना वस्तरा घसरून खाली जातो. परवा जयंती मंडळाच्या बॅनरसाठी फोटो काढायला गेलो, तर फोटोवाला म्हणाला, "मास्तर, उजवी बाजू द्या." मी उठून आलो.

तर प्रश्न असा : दुरुस्तीची शस्त्रक्रिया झालेल्या जबड्यावर रूप सुधारण्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया होऊ शकते का? 'रूप' या शब्दाला हसू नकोस. यंदा बाबासाहेबांची एकशेपंचविसावी जयंती आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आपला प्रबुद्ध ब्रास बँड पुढं असणार आणि बँडच्या पुढं क्लॅरिओनेट घेऊन मी. कुणी उस्ताद न करता, नुसतं रेडिओला कान लावून शिकलेला माणूस पुढं चालतो, तेव्हा लोक त्याचं तोंड बघतात.

उदगीर जिल्हा होणार अशी जोरात हवा आहे. सव्वीस जानेवारीला घोषणा होईल म्हणतात आणि त्या मिरवणुकीची सुपारी आपल्या बँडला दिलीय. इथले लोक मला फितूर म्हणू लागलेत. म्हणतात, जिल्हा करायचा तर निलंग्याचा करा. ढगाला मात्र कुणी सुपारी देत नाही. पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत वाट चुकल्यासारखा येतो.

उत्तर लवकर दे. तुझ्या आईला, नागुआक्काला, माझा जय भीम.

तुझा मामा
व्यंकटी सोनकांबळे (बँडमास्तर)


नांदेड
१९ जानेवारी

मामा, जय भीम.

मी हसले, पण पत्राला नाही, पाकिटाला. 'डॉ. शिवकन्या हनवते, हाडाच्या नव्हेत, जबड्याच्या' असा पत्ता लिहिलात. पोस्टमननं तो होस्टेलभर दाखवला. आता मेसच्या मावशीही मला जबड्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : होऊ शकते. अशा जबड्याचा कोपरा भरता येतो. तोंडाच्या आतून, गालाच्या बाजूनं तयार तुकडा बसवता येतो. पोटावरची चरबी घेऊन भरता येते (तुमच्याकडं ती आहे, मामीला विचारा). किंवा उजवा कोपरा जरा घासून दोन्ही बाजू जवळ आणता येतात.

पण मामा, पुढचं नीट वाचा. हाड पक्कं जुळल्याशिवाय आणि चेहरा स्थिर झाल्याशिवाय कुणी हात लावू नये. तुम्ही एवढे दिवस पातळ खाऊन वाळलात. अंगावर मांस आलं की तोच कोपरा वेगळा दिसेल. सर म्हणतात, वर्ष जाऊ द्या. मग स्कॅन करायचा. हाड जोडायला टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्यात, त्या कुठं आहेत ते बघायचं आणि मगच ठरवायचं. चौदा एप्रिल विसरा.

आणी तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही. खालच्या ओठाची नस त्याच जबड्याच्या हाडातून जाते. शस्त्रक्रियेनंतर ओठ बधीर होता. आता कसा आहे? दुसऱ्यांदा तिथं हात घालायचा तर हे आधी कळायला हवं. खरं लिहा.

आई उमरीला बरी आहे. बोअर आटलाय, पण तिचं बोलणं आटलं नाही.

तुमची
शिवू


निलंगा
६ फेब्रुवारी

चि. शिवकन्या,

'होऊ शकते' हे वाचून जीव हलका झाला. बाकीचंही वाचलं. डॉक्टर लोक हो म्हणताना दहा वेळा पण म्हणतात, तो तुमच्या शिक्षणाचा भाग आहे.

उदगीर जिल्हा झाला नाही. पोरं गणवेश घालून उभी होती. दुपारी कळलं की घोषणा नाही. मग कुणीतरी म्हणालं, आलाच आहात तर देशभक्तीपर काही वाजवा. ते वाजवून परत आलो. निलंग्यात लोक खुश होऊन चिडवत होते, "काय मास्तर, जिल्हा पिशवीत घालून आणला का?"

मी लातुरात एक दवाखाना शोधून काढला. चेहऱ्याचीच कामं करतात. तिथल्या डॉक्टरनं दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. म्हणाले, कोपरा भरू, सोबत हनुवटीही जरा पुढं घेऊ, ओठाच्या आतून छोटा काप दिला की भागतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. पाणी मात्र पेशंटनं घरून आणायचं, अशी पाटी लावलीय. लातूरची अवस्था बघवत नाही. घागरींच्या रांगा रस्त्याच्या वळणापलीकडं जातात आणि रांगेत माणूस नाही, नुसत्या घागरी उभ्या.

ओठ आपल्या जागी आहे. ओठाची फिकीर करू नकोस.

एक दुरुस्ती. तुझ्या पत्रात 'आणी' असं एकदा लिहिलंस. 'णि' ऱ्हस्व.

मामा


नांदेड
११ फेब्रुवारी

मामा,

माझ्या पानभर पत्रातले तुम्ही दोनच शब्द वाचले. तिसरा वाचला तो व्याकरणासाठी.

'ओठ आपल्या जागी आहे' हे उत्तर नाही. ओठ कुठं जाणार? मी विचारलं होतं, कळतं का? आणि हनुवटीचं काम ओठाच्या आतून काप देऊन होतं. ती नस तिथूनच बाहेर येते. तुमच्या ओठाला अजून कळत नसेल आणि तिथंच परत धक्का लागला, तर जे थोडंफार परत यायचं तेही जाईल. त्या डॉक्टरांना ओठाचं सांगितलंत का? मला वाटतं, नाही सांगितलं.

तारीख रद्द करा. वाटलं तर माझ्यावर चिडा, पण रद्द करा.

हे पत्र मामीच्या नावानं पाठवतेय. तुमच्या हातात पडलं तर घडी करून क्लॅरिनेटच्या पेटीत जाईल, हे मला माहीत आहे.

शिवू


निलंगा
१७ फेब्रुवारी

शिवू,

मामीचा जय भीम. मी पाचवी शिकले हाय. चुकलं तर समजून घे आन् मामासारखं लाल पेनानं दुरुस्त करू नको.

तू लिवलंस ते बरोबर हाय. त्यायनं तुला लपवलं. सप्टेंबरपसून क्लारनेटचा एक सूर न्हाई निघाला. पेटी उघडतेत, पुसतेत, तोंडाला लावतेत. फुस्स करून हवा जाती. मग पेटी बंद. उदगीरला निवृत्तीच पुढं राहून वाजवणार होता. यायच्याच हाताखाली शिकलेलं पोरगं ते. जिल्हा झाला न्हाई म्हणून हे घरी आले ते हसतच. मला तवाच कळलं, दुसऱ्याच कशाला तरी हसतेत.

ओठ हाय का न्हाई हे त्यायला कळतच न्हाई. वरणाचा थेंब हनुवटीवर तसाच राहतो. मी पदरानं पुसाया गेले की खवळतेत, "मी काय लेकरू हाय का?" चहानं भाजलं, फोड आला, तो मी सांगितला तवा कळला. प आन् भ म्हणताना हवा सुटती, म्हणून फोनवर बोलत न्हाईत. कुणी जय भीम केला की हे नुसता हात जोडतेत. लोकायला वाटतं मास्तरला गर्व झाला.

आन् आता नवीनच. ओठाला मुंग्या येऊन राहिल्यात. डाव्या बाजूला, हनुवटीपतोर. कधी करंट बसल्यावानी होतं. हे म्हणतेत, पाय मरायला लागला की मुंग्या येतेत, तसा हा ओठ आता पुरता चालला. म्हणून घाई. कोपरा दबलाय म्हणून नस दबली, कोपरा भरला की नस मोकळी होईल, असं स्वतःच ठरवलं. कुणाला विचारलं म्हणावं? तर म्हणतेत, "मी क्लॅरिओनेट कुणाला विचारून शिकलो का?"

मला रूपाचं काय करायचं हाय? मला त्यायनं पहाटं सूर लावलेला पाहिजे. आधी मी वैतागायची, झोपमोड होती म्हणून. आता घर लई खामोश हाय.

तू कायतरी कर. चिडू नको, चिडलं की ते अजून ताठतेत.

तुझी मामी
तारामती


नांदेड
२० फेब्रुवारी

मामा,

मामीवर रागवायचं नाही. हे पत्र तिच्यासमोर, मोठ्यानं वाचा. प-भ-म कसेही आले तरी वाचा.

मुंग्यांबद्दल तुम्ही उलटं समजलात. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर काय होतं ते आठवा. पाय आधी ओंडक्यासारखा होतो, चिमटा काढला तरी कळत नाही. उठून दोन पावलं टाकली की मुंग्या सुरू होतात. मग पाय आपला होतो. मुंग्या जाताना येतात, तशा परत येतानाही येतात. तुमचा ओठ इतके महिने गपगार होता. आता मुंग्या आल्या, करंट बसायला लागला. मामा, तो ओठ मरायला नाही, उठायला लागलाय!

मी मामीचं पत्र सरांना दाखवलं. सर खुर्चीवरून उठले. "या माणसाला सांग, कुठल्याही चाकूपुढं तोंड उघडू नका," असं म्हणाले. नस फार सावकाश दुरुस्त होते. पूर्वीसारखं सगळं येईल अशी खात्री कुणी देणार नाही आणि मीही देत नाही. पण सुरुवात झालीय, हे नक्की.

आता एक काम करा. डोळे बांधायचे. मामीनं कापसाचा बोळा, मग थंड चमचा, मग गुळगुळीत काडीचं टोक ओठावर वेगवेगळ्या जागी टेकवायचं. काय लागलं आणि कुठं लागलं ते तुम्ही सांगायचं. अंदाजानं नाही. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. तुम्ही तपशिलाचे पक्के म्हणून हे काम तुम्हालाच सांगतेय. आमच्या कॉलेजचे पेशंट दुसऱ्या दिवशी कंटाळतात.

शिवू


निलंगा
२४ मार्च

चि. शिवकन्या,

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. 'मांडी' म्हणताना हवा सुटली, तारामती हसली नाही. त्यावरून तिला किती काळजी होती ते कळलं.

ठरलेल्या दिवशी लातूरला गेलो, पण शस्त्रक्रियेला नाही. दिलेली वेळ मी न सांगता मोडत नाही. डॉक्टरांना ओठाची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मास्तर, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. हनुवटीला आता हात लावणार नाही. आधी ओठ येऊ द्या." भला माणूस निघाला. बरोबर नेलेलं पाणी त्यांच्या नर्सबाईला देऊन आलो.

तपासणी सुरू आहे. डोळ्याला बँडच्या गणवेशाचा लाल पट्टा बांधतो. तारामती लबाडी करते. बोळा म्हणून चमचा लावते.

"काय लागलं?"

"थंड."

"बोळा थंड असतो का?"

"तू चमचा लावलास."

"मग कळलं की हो तुम्हाला!"

अशी आमची भांडणं. थंड कळतं. गरम उशिरा कळतं. काडीचं टोक मध्यभागी कळतं. डाव्या टोकाला कळत नाही, तिथं फक्त कुणीतरी जवळ उभं असल्यासारखं वाटतं. यापेक्षा नेमका शब्द मला सापडला नाही.

बोळा आणि चमचा ही लेकरांची साधनं झाली. मी माझी पद्धत काढली. पत्ती काढून घेतो, पाण्यात भिजवतो आणि ओठावर ठेवतो. तिची कड कुठपर्यंत लागते ते बघतो. रोज थोडी पुढं सरकते. मग धुऊन खिडकीत वाळत ठेवतो. उन्हानं वाकू नये म्हणून वर काचेचा तुकडा ठेवतो. सरांना सांग, तुमच्या साधनांपेक्षा हे बारीक काम आहे.

मामा


नांदेड
२ एप्रिल

मामा,

तुमच्या अक्षराची ऐट आज उतरवते.

'पत्ती'मधला त तुम्ही असा काढलात की मी तो ट वाचला. मी वाचलं, पट्टी काढून घेतो, पाण्यात भिजवतो आणि ओठावर ठेवतो. हाडात स्क्रूनं बसवलेली टायटॅनियमची पट्टी या माणसानं काढली? कशानं? हसू नका, तुमचा काही भरवसा नाही. तुम्ही क्लॅरिनेटही स्वतः खोलून शिकलात.

तशीच पळत सरांकडं गेले. सरांनी वाचलं, त्यांनाही पट्टीच दिसली. मग मी मामीला फोन लावला.

"मामी, मामांनी पट्टी काढली का?"

मामी म्हणाली, "हाव, रोजच काढतेत."

"रोज? आणि मग?"

"मग धुतेत आन् खिडकीत वाळत घालतेत. परवा चिमणीनं पाडली तर चिमणीला शिव्या."

सर शेजारीच उभे होते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मी विचारलं, रक्त येतं का? मामी म्हणाली, "रक्त कशाचं गं? बांबूची हाय ती!" तेव्हा कुठं उलगडा झाला. क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधतात ती बांबूची पातळ कामटी, रीड, तिला तुम्ही पत्ती म्हणता. सर इतके हसले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. मग गंभीर होऊन म्हणाले, "कडेला कळायला लागलं ना? चांगली गोष्ट आहे. जबड्यावर जोर न देता थोडं थोडं वाजवायलाही हरकत नाही." हाड जुळलंय, असं तुम्ही जानेवारीअखेर पाठवलेल्या एक्सरेत दिसलंच होतं.

कोपऱ्याबद्दल सरांचं म्हणणं असं : सप्टेंबरात स्कॅन करू. तेव्हाही तुम्हाला हवा असेल तर कोपरा भरता येईल, मागून, ओठापासून लांबून. हनुवटीच्या वाटेला जायचं नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे : होऊ शकते. आता पुढचे शब्दही वाचायला शिकलात, म्हणून परत लिहिते.

जयंतीला तुम्ही वाजवलं नाही तरी चालेल, मामा. नुसतं पुढं चाला.

शिवू


निलंगा
१७ एप्रिल

चि. शिवकन्या,

माझा त आणि माझा ट यांत फरक असतो. सरांना चष्म्याचा नंबर तपासायला सांग. तरी यापुढं तपशिलाच्या जागी 'रीड' लिहीन.

जयंती झाली. दोनच दिवस आधी रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्यामुळं मिरवणुकीत बाबासाहेबांच्या खालोखाल रेल्वेचीच चर्चा. यंदा रस्त्यावर पाणी मारायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. धूळ इतकी की बायकांच्या पांढऱ्या साड्या मिरवणुकीची गाडी निघेपर्यंतच मातकट झाल्या. दर चौकात माठ होते. उपरणं घातलेली पोरं एकेकाला एकच पेला देत होती. मागच्या वर्षी सरबत होतं, पण कुणी कुरकुरलं नाही.

पुढं निवृत्ती होता. तो मी स्वतः ठेवला. हे लिहिताना हात आखडतो, पण लिहितो. आदल्या संध्याकाळी पोरांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या ओठाला अजून सगळं कळत नाही, पुढची जागा निवृत्तीची. बेसड्रमवाला म्हणाला, "मास्तर, आम्हाला ऑक्टोबरपसूनच माहीत हाय. तुम्ही सांगायची वाट बघून राहिलो होतो." घ्या. मी इतके महिने कुणापासून लपवत होतो?

मी बाजूनं चाललो, गणवेशात. क्लॅरिओनेट सोबत घेतलं होतं, वाजवायचं ठरलं नव्हतं. पुतळ्याच्या चौकात थांबून वंदनेची संथ चाल घ्यायची असते. त्या धुळीत निवृत्तीचा घसा पार कोरडा झाला होता. पोरगं माझ्याकडं बघून म्हणालं, "मास्तर, दोन ओळी धरा, मी पाणी पिऊन येतो." मला अजून कळत नाही की त्याला खरंच तहान लागली होती की नाही.

मी धरलं. पहिला सूर फाटला. गर्दीतून एक जण ओरडला, "मास्तर, पंक्चर झालं का?" लोक हसले. मी खालच्या पट्टीत गेलो. ही पट्टी वेगळी, सरांना समजावून सांग. तिथं ओठाला कमी ताण लागतो. हवा डाव्या कोपऱ्यातून सुटत होती. मी रीड जरा डावीकडं घेतली आणि ओठ गच्च दाबला. सूर लागला. चांगला लागला असं म्हणणार नाही. स्वच्छ लागला. पहिली ओळ पुरी झाली, दुसरी झाली. निवृत्ती पेला हातात घेऊन उभाच राहिला, तेव्हा तिसरीही मीच घेतली. पंक्चरवाल्याचा आवाज परत आला नाही.

सप्टेंबरात स्कॅनला येतो. कोपऱ्याचा प्रश्न मी मागं घेतलेला नाही, हे लक्षात ठेव. मला दोन्ही बाजू सारख्या असलेल्या आवडतात आणि त्यात मला लाज वाटत नाही. पण आता घाई नाही. सर म्हणतील तेव्हा, म्हणतील तिथून. ओठाच्या जवळपास कुणी फिरकायचं नाही. तारामतीचं म्हणणं, कोपरा नको, त्यापेक्षा मिशी वाढवा. तिचं मत कळवलं.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या ओळीच्या शेवटी सूर लांबवायचा असतो. तो लांबवला आणि ओठाच्या डाव्या टोकाला काहीतरी झालं. टोचलं म्हणू का? नाही. बोचलं, सणकलं, झिणझिणलं, हे सगळे शब्द मी चालता चालता लावून बघितले. एकही नेमका बसला नाही. साधाच शब्द होता, शिवू. दुखलं. जिथं महिनोन् महिने काडी लागली तरी कळत नव्हती, तिथं रीडची कड रुतली आणि दुखलं.

क्लॅरिओनेट खाली घेतलं तर तारामती बायकांच्या रांगेतून माझ्याकडं येत होती. धूळ होती, पण माझे डोळे धुळीनं भरले नव्हते हे तिला दिसलं असणार.

"काय झालं?"

"दुखतंय."

"लई?"

"लई."

आणि ती भर चौकात, सगळ्या लोकांदेखत, तोंडाला पदर न लावता हसली.

तुझा मामा
व्यंकटी